पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे कौतुकाने कोणी वापरीत नाही. ज्याला ठाव नाही, ज्याच्या चुलीला जागा नाही, अशा माणसाविषयी ती उच्चारावयाची. घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जोते येते, उंबरठा येतो, तुळशीवृंदावन येते. आणि तीन पिढ्यांची भांडीकुंडी, लोणच्याच्या बरण्या व माळ्यावरची अडगळ पोटात घेऊन ते जागचे हलत नाही, हाच त्याचा मुख्य गुण आपण मानतो. असे असता, घरांची अगर जमिनीची वानवा नसलेल्या अमेरिकेत, साठी उलटल्यावर नांदते घर विकून किंवा त्यास कुलूप लावून चाकांवरच्या एका खोलीत वर्षाचे कित्येक महिने काढणारे हजारो सुशिक्षित व कुटुंबवत्सल लोक आहेत, हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस मोठे नवल वाटले.

नवल वाटले तरी त्याची शहानिशा करण्याचा योग क्वचितच येतो. तो आम्हांस आला. हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात अशा लोकांच्या वस्तीत आम्ही काही दिवस राहिलो, आणि पुढे जून महिन्यात तसलेच एक फिरते घर भाड्याने घेऊन तेथून थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत प्रवास केला. आम्ही म्हणजे आम्ही उभयतां, फीनिक्स येथे नोकरीस असलेला आमचा पुतण्या, त्याची पत्नी आणि त्यांची दोन मुले. ज्यांचे मुलगे, मुली, भाचे, पुतणे तिकडे आहेत अशी घरे आता आपल्यात थोडी नाहीत. तेव्हा जे पाहिले ते चार शब्दांत सांगावे असे मनात आले.

प्रथम हे घर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. त्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला 'मोटरहोम', म्हणजे इंजिन आणि बिऱ्हाड एकाच सांगाड्यावर. दुसरा मोटारीच्या मागे जोडून ओढावयाचा 'ट्रेलर'. तिसऱ्याचे पुढचे टोक पिकअप गाडीच्या हौद्यात टेकवितात. त्यास 'फिफ्थ व्हील' म्हणतात. या सर्वांना मिळून तिकडे 'आरव्ही' हे दोन अक्षरी नाव रूढ आहे. कल्पना काही आजची नव्हे. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने एक गाडी मांडली होती. तिची मागची बैठक उलगडली की पलंग होई, आणि चालकाच्या पाठीमागे हात धुण्याचे भांडे बसविलेले होते. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा गावी अशा हौशी प्रवाशांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाचा संघही काढला. वॉली बायम याने १९३१ साली स्थापिलेल्या कंपनीचे चकचकीत ॲल्युमिनियमचे 'एअरस्ट्रीम' डबे आजही रस्त्यावर दिसतात. मौज अशी की, ही घरे बहुतांशी इंडियाना संस्थानातील एल्कहार्ट परगण्यात व त्याच्या आसपास तयार होतात, आणि तेथील कारखान्यांत आमिश पंथाचे पुष्कळ लोक कामास आहेत. हा पंथ धर्मबंधन म्हणून मोटार बाळगीत नाही. घोड्याच्या बग्गीतून हिंडतो. ज्यांनी मोटार वर्ज्य केली, तेच दुसऱ्यांची मोटारघरे बांधतात.

आमच्या वाट्यास आलेले घर पंचवीस फूट लांबीचे होते. एवढ्या जागेत सहा माणसांची निजण्याची सोय, दोन शेगड्या, शीतकपाट, न्हाणी आणि शौचकूप. भिंतीतली प्रत्येक फळी उघडली की तिचे काहीतरी होई; जेवणाचे मेज रात्री पलंग बने. परंतु या घराचे खरे रहस्य त्याच्या पोटाखालच्या तीन टाक्यांत असते. एकीत गोडे पाणी, आमच्या गाडीत ४० गॅलन, म्हणजे सुमारे १५० लिटर. दुसरीत मोरीचे सांडपाणी. तिसरीत शौचकुपातले. या शेवटच्या दोन टाक्या भरल्या की ठराविक जागी नेऊन, जाड नळी लावून रिकाम्या कराव्या लागतात, आणि हे काम घरच्याच माणसाने करावयाचे असते. दुसरा कोणी येत नाही. मोठ्या पगाराचा अधिकारी असो, निवृत्त न्यायाधीश असो, हातमोजे चढवून तो आपली नळी आपण धुतो, आणि शेजारच्याशी हवापाण्याच्या गोष्टी करीत धुतो. ज्या समाजाने हे काम शतकानुशतके दुसऱ्याच्या माथी मारले आणि वर त्यालाच अस्पृश्य ठरविले, त्या समाजातले आम्ही. पुतण्या निर्विकारपणे ते काम करीत असता शेजारी उभे राहून आम्ही पाहिले, आणि तिसऱ्या दिवसापासून हातमोजे मागून घेतले. घरातून बाहेर जाणाऱ्या घाणीचा हिशेब घरच्यानेच ठेवावा, ही शिकवण कोणत्याही प्रवासवर्णनात आम्ही वाचली नव्हती.

आता या लोकांच्या हिवाळी मुक्कामाकडे वळू. ॲरिझोनाच्या पश्चिम टोकास क्वार्टझ्साइट नावाचे गाव आहे. २०२० च्या खानेसुमारीत त्याची वस्ती अडीच हजारांच्या आतच भरली. उंची समुद्रसपाटीपासून नऊशे फुटांच्या आत. सभोवार करडे वाळवंट, मधूनमधून हात वर केलेले प्रचंड निवडुंग, आणि दूरवर उघडे बोडके डोंगर. उन्हाळ्यात पारा १०० अंश फॅरनहाइटच्या पुष्कळ वर जातो आणि गाव निपचित पडते. परंतु उत्तरेकडे बर्फ पडू लागले की मिनेसोटा, डकोटा, मिशिगन आणि कॅनडा येथील वृद्ध मंडळी आपापली घरे घेऊन खाली उतरू लागतात. यांना 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी, म्हणतात. जानेवारीत तेथे रत्ने व दगड यांचा आणि फिरत्या घरांचाही मोठा बाजार भरतो; त्या वेळी हे खेडे एखाद्या यात्रेच्या गावासारखे फुगलेले असते.

गावालगतची बरीच जमीन सरकारी आहे. सामान्य सरकारी जमिनीवर एका जागी १४ दिवसांवर राहता येत नाही. तथापि ला पोसा नावाच्या मोठ्या पट्ट्यात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सबंध हंगाम, एकदाच ठराविक रक्कम भरून, मुक्काम करता येतो. ही योजना १९८३ पासून चालू आहे. पाणी भरण्याची व टाक्या रित्या करण्याची सोय आहे. बाकी फारसे काही नाही. आपल्याकडे संन्याशाने पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी राहावे असा दंडक आहे. येथे गृहस्थाश्रमी लोकांचा चातुर्मास हिवाळ्यात चाले.

या गावच्या स्मशानात दगडी पिरॅमिडाच्या आकाराची एक समाधी असून तिच्या शिरावर तांब्याचा उंट आहे. १८५५ साली अमेरिकन काँग्रेसने वाळवंटात लष्करी वाहतुकीकरिता उंट आणण्यासाठी ३०,००० डॉलर मंजूर केले. त्या उंटांबरोबर १८५६ मध्ये जे उंटवाले आले, त्यांत हाजी अली नावाचा एक गृहस्थ होता. गोऱ्या सैनिकांच्या जिभेवर त्याचे नाव 'हाय जॉली' असे झाले. १८५७ साली एडवर्ड बील याने पश्चिमेकडे जी गाडीवाट आखली तीत हे उंट होते. पुढे उंटांचा प्रयोग बारगळला, हाजी अली तेथेच राहिला आणि १९०२ साली मरण पावला. ही समाधी १९३५ साली उभी राहिली. जेथे आज हजारो फिरती बिऱ्हाडे जमतात, तेथे पाहण्याजोगे एकुलते एक स्मारक एका परदेशी फिरस्त्याचे असावे, हे आम्हांस मोठे समर्पक वाटले.

तेथे आमच्या शेजारी मिनेसोटाचे एक जोडपे उतरले होते. बाई पूर्वी रुग्णालयात परिचारिका होत्या, गृहस्थ शाळेत गणित शिकवीत. अकरा हिवाळे त्यांनी या वाळवंटात काढले होते. संध्याकाळी बाई आपली वही घेऊन बसत आणि उन्हाळ्याच्या प्रवासाचा आराखडा मांडीत. जानेवारीतच उन्हाळ्याचा विचार कशास, असे आमच्या सौ.नी विचारले, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "आमचे घर फिरते, म्हणून आम्हांला ठरवून फिरावे लागते. तुमचे घर जागेवर आहे. तुम्ही न ठरविता बाहेर पडलात तरी चालते."

या एका वाक्यात सर्व मर्म आले. दुरून पाहणाऱ्यास वाटते की, हे लोक मनास येईल तेथे जातात. प्रत्यक्षात मापाशिवाय त्यांचे पाऊल पुढे पडत नाही. पहिले माप उंचीचे. हवा दर हजार फुटांस सुमारे साडेतीन अंश फॅरनहाइट थंड होत जाते. म्हणून उन्हाळा चढू लागला की हे लोक नुसते उत्तरेस जात नाहीत, वर चढतात. क्वार्टझ्साइट तापू लागले की ६,९०० फुटांवरील फ्लॅगस्टाफ. तेही तापले की त्याहून वर. परंतु फार लवकर वर गेले तर घाट बर्फाने बंद असतात. दुसरे माप गाडीचे. झायन राष्ट्रीय उद्यानातील सव्वा मैलाच्या आतला बोगदा १९३० साली खुला झाला, तो त्या काळच्या मोटारींच्या मानाने खोदलेला. मोठे फिरते घर त्यात आपल्या बाजूने जाऊच शकत नाही. ग्लेशियर उद्यानातील 'गोइंग-टू-द-सन' या प्रसिद्ध घाटरस्त्याच्या मधल्या भागात २१ फुटांहून लांब व ८ फुटांहून रुंद गाडीस मज्जाव आहे. म्हणून आपल्या घराची लांबी, रुंदी आणि उंची हे आकडे प्रत्येक कुटुंब कागदावर लिहून चालकाच्या समोर चिकटविते. तिसरे माप दिवसाचे. त्यांच्यात तीन-तीन-तीनचा एक सुटसुटीत नियम आहे: एका दिवसात ३०० मैलांहून अधिक जाऊ नये, दुपारी तीनच्या आत मुक्काम गाठावा, आणि गाठल्या मुक्कामी तीन दिवस राहावे. चौथे माप जागेचे. प्रसिद्ध उद्यानांतील तळ कित्येक महिने आधी राखून ठेवावे लागतात; उशीर झाला की उंबऱ्यावरून परत फिरण्याची पाळी. बाईंच्या वहीतून आम्ही हे नियम उतरून घेतले आणि पुतण्याने फेब्रुवारीतच जूनच्या जागा राखल्या.

मार्ग निवडला तो अमेरिकेचा ८९ क्रमांकाचा महामार्ग. १९५६ च्या कायद्यानंतर त्या देशात जे रुंद, एकसुरी राजमार्ग झाले त्यांहून हा जुना. फ्लॅगस्टाफपासून निघून ॲरिझोना, यूटा, आयडाहो, वायोमिंग, मोंटाना अशी पाच संस्थाने ओलांडीत तो कॅनडाच्या सीमेला भिडतो. लांबी बाराशे मैलांहून अधिक. ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, ग्रँड टीटन, यलोस्टोन, ग्लेशियर ही उद्याने एक तर याच्या वाटेवर किंवा हाकेच्या अंतरावर आहेत. उन्हाळ्याबरोबर उत्तरेस सरकावयाचे तर याहून सोयीची वाट नाही.

फ्लॅगस्टाफ सोडले की पाइन वृक्षांचे रान संपते आणि रस्ता नवाहो लोकांच्या मुलखात उतरतो. तांबडी माती, निळे आकाश, आणि मैलोगणती एखादेच घर. येथे घड्याळाचीही गंमत आहे. ॲरिझोना संस्थान उन्हाळ्यात घड्याळे पुढे करीत नाही, नवाहो राष्ट्र करते. तेव्हा सीमा ओलांडताच तासाचा फरक पडतो. परंतु आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. एका पंपावर आम्ही टाकी भरून घेत असता शेजारी एक म्हातारा गृहस्थ आपल्या पिकअपच्या हौद्यातील मोठ्या पिंपात पाणी भरीत होता. तोही प्रवासी असावा असा आमचा समज झाला, पुतण्याने सांगितले, "काका, हे पाणी ते घरी नेत आहेत." नवाहो राष्ट्रातील सुमारे तीस टक्के घरांत आजही नळ नाही. जून २०२३ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, १८६८ च्या तहान्वये त्यांच्याकरिता पाण्याची तजवीज करण्याचे बंधन केंद्र सरकारावर नाही. आम्ही हौसेने काटकसर करीत होतो. तांदूळ धुतलेले पाणी पातेल्यात धरून त्यातच भांडी विसळीत होतो आणि त्याचे आपसांत कौतुक चालले होते. त्या पिंपाकडे पाहिल्यावर ते कौतुक ओसरले. आमचे दीडशे लिटर तीन आठवड्यांची मौज होती, त्याचे पिंप जन्माचे.

पुढे पेज गावापाशी ग्लेन कॅन्यन धरण लागते. १९६३ पासून अडविलेल्या कोलोरॅडो नदीच्या या जलाशयाच्या काठच्या तांबड्या खडकांवर पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. एके काळी पाणी तेथवर होते. २०२३ च्या आरंभी ते पहिल्या भरणीनंतरच्या सर्वांत खालच्या पातळीस गेले होते. या नदीच्या पाण्यावर सात संस्थाने आणि मेक्सिको यांचा वाटा आहे. तेव्हा टाकीतल्या पाण्याचा हिशेब केवळ फिरत्या घरासच करावा लागतो असे नव्हे.

यूटात शिरल्यावर रस्ता चढू लागतो. झायन खाली व तापलेले म्हणून आम्ही वगळले आणि आठ हजार फुटांवरील ब्राइस गाठले. तेथील कड्यांवर रात्री भेगांत पाणी गोठते आणि दिवसा वितळते. या अखंड ठोकाठोकीने खडकाचे सुळके कोरले गेले आहेत, जणू हजारो वारकरी दाटीने उभे आहेत. तेथून उत्तरेस यूटाची हिरवी खोरी, बेअर लेक या सरोवराचे अपूर्व निळे पाणी, मग टीटन पर्वताची करवतीसारखी रांग, आणि अखेर यलोस्टोन. १८७२ साली स्थापिलेले हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. आमचा मुक्काम सरोवरानजीक फिशिंग ब्रिज येथे होता. तेथे कापडी तंबूंना बंदी असून भक्कम भिंतींच्या गाड्यांनाच प्रवेश आहे, कारण तो ग्रिझली अस्वलांचा संचारप्रदेश आहे. भांडे, उष्टे, साबणाची वडी, काहीही बाहेर ठेवावयाचे नाही. सूनबाईंनी फोडणी द्यावी की न द्यावी यावर बराच खल झाला. शेवटी ती दारे-खिडक्या लावून दिली आणि आम्ही सर्वांनी मिळून खोकून घेतले. तेथील उंची सुमारे ७,७०० फूट. पाणी ९२ अंश सेल्सियसलाच उकळते. भात कच्चा राहतो, डाळ तर तासभर दाद देत नाही. पुण्याहून आणलेल्या कुकरने त्या दिवशी आमची लाज राखली. जून असूनही रात्री पारा गोठणबिंदूपाशी उतरे, आणि सकाळी गाडीच्या टपावर दहिवर पडलेले असे.

कितीही बेत आखला तरी निसर्ग आपला अधिकार राखून असतो, याचीही चिन्हे वाटेत दिसली. जून २०२२ मध्ये आलेल्या पुराने यलोस्टोनच्या उत्तर प्रवेशद्वाराकडील रस्ता वाहून नेला, आणि पर्यायी वाट ऑक्टोबर अखेर खुली झाली. जुलै २०२५ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर विजेने पेटलेल्या वणव्यात तेथील जुने प्रवासीगृह भस्मसात झाले. म्हणून जाणते लोक बेत आखतात आणि त्याला एक मोकळी बाजूही ठेवतात. आठवड्यातला एक दिवस कोणाच्याही नावावर लावीत नाहीत.

मोंटानातील किंग्ज हिल नावाचा ७,३८५ फुटांचा घाट उतरून आम्ही ब्लॅकफीट लोकांच्या प्रदेशात आलो. येथे मनात एक विचार आला, तो वाचकांपुढे ठेवतो. मैदानातील हे लोक मूळचे खरे फिरत्या घराचे धनी. कातड्याची 'टीपी' उतरवावी, तिचेच वासे कुत्र्यास आणि पुढे घोड्यास जुंपून त्यांवर संसार लादावा, आणि गव्यांच्या कळपामागे ऋतुमानाप्रमाणे सरकावे, अशी त्यांची रीत. ज्या समाजाने त्यांस एका जागी डांबून 'स्थिर' केले, त्याच समाजातील सुखवस्तू लोक आज चाके लावून त्यांच्या दारावरून ऋतुमानाप्रमाणे सरकत जातात. ग्लेशियर उद्यानाचा पूर्वभाग त्यांच्याकडून १८९५ च्या कराराने घेतला गेला. उद्यान झाले १९१० साली. तेथील घाटरस्त्यावर आमच्या पंचवीस फुटी घराला प्रवेश नव्हताच. ते सेंट मेरी येथे ठेवून १९३० नंतरच्या दशकात बांधलेल्या, उघड्या टपाच्या तांबड्या जुन्या बसमधून आम्ही ६,६४६ फुटांवरील लोगन खिंड पाहिली. जून सरत आला होता, तरी दोहों बाजूंस बर्फाच्या भिंती होत्या. २०२२ साली हाच रस्ता १३ जुलैस खुला झाला होता, असे बसवाल्याने सांगितले. आम्ही भाग्यवान.

येथवरचे वर्णन वाचून कोणास वाटेल की, हे सर्व निवृत्तांचे कौतुक आहे. तसे नाही. त्याच तळांवर, त्याच रांगेत, दुसऱ्या तऱ्हेचे लोकही असतात. नेव्हाडात एम्पायर नावाचे एक गाव जिप्समच्या कारखान्यावर उभे होते. २०११ साली कारखाना बंद पडला, वस्ती उठली आणि गावाचा टपाल क्रमांकही रद्द झाला. अशा रीतीने घर आणि पेढी दोन्ही गमावलेले, भाडे न परवडणारे कितीतरी वृद्ध लोक आज गाडीत राहतात. उन्हाळ्यात तळांची झाडलोट करतात, सुगीत बीट उपसतात, नाताळच्या आधी वखारींत माल भरतात. जेसिका ब्रुडर यांनी २०१७ साली त्यांच्यावर 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले, आणि त्यावरील चित्रपटास २०२१ साली ऑस्करचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पारितोषिकाने भाडे मात्र उतरले नाही. यलोस्टोनच्या वाटेवरील एका तळावर आमची पावती फाडणाऱ्या सत्तरीच्या बाई अशांपैकीच होत्या. गाडी आवडते का, असे सौ.नी विचारता त्या म्हणाल्या, "आवडते. न आवडून काय करणार?" एकाच्या दारास त्याने स्वतः कुलूप लावलेले असते, दुसऱ्याच्या दारास दुसऱ्याने. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

आणि ज्यांनी स्वेच्छेने हे जीवन पत्करले, त्यांच्याही पुढे एक प्रश्न उभा असतोच: हात थरथरू लागले, दृष्टी मंदावली, की पुढे काय? या लोकांना कायमचा पत्ताही नसतो. पत्राकरिता, मतदानाकरिता, परवान्याकरिता कोठेतरी नाव नोंदवावे लागते. १९७८ साली जो व के पीटरसन या दांपत्याने काढलेल्या 'एस्केपीज' नावाच्या संघाने टेक्ससमधील लिव्हिंग्स्टन गावी ही सोय केली. तेथे कधी न राहिलेल्या हजारोंचा कागदोपत्री पत्ता तेथे आहे. त्याच संघाने पुढे, ज्यांना गाडी चालविणे अशक्य झाले आहे अशा सभासदांकरिता तेथे एक आश्रयस्थान उभारले. म्हाताऱ्याने आपले घर घेऊन यावे, शेवटचे उभे करावे, आणि त्याच घरात राहून जेवणाची व शुश्रूषेची मदत घ्यावी. रक्ताचे नाते नाही, केवळ रस्त्याचे नाते. पण त्या नात्याने म्हातारपण सांभाळावयाचे मनावर घेतले. एकत्र कुटुंबाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे.

कारण, खरे सांगावयाचे तर, आज हिमपक्षी कोण नाही? पुण्यातली, नाशकातली, डोंबिवलीतली कितीतरी वडीलधारी जोडपी वर्षाआड सहा महिने मुलाकडे अमेरिकेत आणि बाकीचे दिवस येथे, अशी काढीत आहेत. पाहुण्यांच्या परवान्यावर तिकडे एका खेपेस बहुधा सहा महिनेच राहू देतात, म्हणून त्यांचाही हंगाम ठरलेला. येथले घर कुलपात, किल्ली शेजाऱ्यांकडे, तुळशीला पाणी घालण्याची विनंती. तिकडे मुलाच्या घरातली एक खोली, आणि औषधांची पिशवी दोन्हीकडे. पाठीवरचे बिऱ्हाड म्हणून ज्यांना हसावे, त्यांच्याच रांगेत आपण केव्हा येऊन उभे राहिलो हे आपणांस कळलेही नाही. फरक इतकाच की, त्या लोकांनी आपल्या हिंडण्याचा हिशेब मांडला आहे आणि आपण अजून मांडलेला नाही. कोणत्या वर्षापर्यंत जावयाचे, किल्ली कोणाकडे राहावयाची, दोघांपैकी एक मागे राहिले तर त्याने कोणत्या घरी राहावयाचे, हे प्रश्न आपल्या घरांतून कोणी मोठ्याने विचारीत नाही. अशुभ वाटते.

मिनेसोटाच्या त्या बाईंच्या वहीत शेवटचे पान याच प्रश्नांचे होते. यजमानांची दृष्टी उतरत चालली होती; हा उन्हाळा त्यांचा गाडी चालविण्याचा शेवटचा, असे दोघांनी वाळवंटातच ठरविले होते, आणि गाडी कोणाला विकावयाची, कन्येच्या घराजवळ कोणती खोली घ्यावयाची, हेही त्यात लिहिलेले होते. ते पान त्यांनी आम्हांस दाखविले तेव्हा त्यांच्या आवाजात खेद नव्हता. गृहस्थ मात्र उठून गाडीच्या चाकांभोवती एक फेरी घालून आले.

ज्यांना तिकडे जाऊन असा प्रवास करावयाचा आहे, त्यांना इतकेच सुचवितो: जागा हिवाळ्यातच राखाव्या, घराची मापे पाठ करावी, दिवसास तीनशे मैलांहून अधिक जाऊ नये, कुकर विसरू नये, आणि नळी धुण्याची पाळी आपण होऊन मागून घ्यावी. आणि ज्यांना कोठेच जावयाचे नाही, त्यांनीही एखाद्या निवांत संध्याकाळी घरातल्या सर्वांना बसवून त्या वहीतल्यासारखे एक पान लिहून काढावे. आम्ही परत आल्यावर ते लिहिले. पुतण्याच्या आणि मुलांच्या सह्या त्यावर घेतल्या, आणि ते देवघरातल्या पेटीत, घराच्या कागदपत्रांच्या वर ठेवले आहे.